सोसणं आणि भिणं

आमच्या समाजात सोसण्याला फार मान आहे. भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं की बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या कुठल्याही बस्तीत बघा, दहा-दहा उपवास करणाऱ्या बायका असतातच. तापवून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत, एवढ्यावर दहा दिवस काढायचे. शिवाय रोज पूजेला आणि प्रवचनाला हजर राहायचं. पारण्याच्या दिवशी त्यांचं कौतुक होतं, ओटी भरतात, पाहुणे लांबून भेटायला येतात. मला या सगळ्याबद्दल मनापासून आदर आहे. पण यातल्याच कितीतरी जणी दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की आदल्या रात्री डोळ्याला डोळा लावत नाहीत. दवाखान्याच्या पायरीवरून परत येतात. रिक्षाच मिळाली नाही म्हणतात, घरी पाहुणे आले म्हणतात. मग घरातलं कुणीतरी ते ठरलेलं वाक्य बोलतंच, "दहा उपवास केलीस की गं, आणि एका दाढेला भितीस?"

हे वाक्य हसत हसत बोललं जातं. ऐकणारीही हसते. पण त्यात एक प्रश्न आहे आणि तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही, असं मला वाटतं. जी बाई भूक-तहान जिंकते ती सुईला का भिते? आणि भिते म्हणजे तिची श्रद्धा कुठंतरी कमी पडते का?

मीही भिते, हे आधीच सांगून टाकते. शाळेत असताना गावाकडच्या एका दवाखान्यात सुई टोचल्या-टोचल्या, बधिर व्हायची वाटही न बघता, माझी दाढ ओढली होती. दोघांनी हात धरले होते, एकानं डोकं. त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. मी ते जवळजवळ विसरले आहे, पण माझं अंग विसरलेलं नाही. आजही डॉक्टरची तारीख ठरली की दोन दिवस आधीपासून जीभ कोरडी पडते, तळहात ओले होतात आणि खुर्चीवर आडवी झाले की छातीत असं धडधडतं की शेजारच्या ताटलीतली हत्यारंसुद्धा हलत असतील असं वाटतं. गंमत म्हणजे त्या दवाखान्याचा जो एक खास वास असतो, जो आला की पोटात गोळा येतो, तो बहुतेक लवंगेचा असतो. लवंगेच्या तेलात यूजेनॉल नावाचा पदार्थ असतो आणि तो दाताच्या औषधांत, सिमेंटमध्ये वापरतात. मसालेभात करताना तोच वास मला भूक आणतो. म्हणजे वासात काही नाही. तो कुठल्या खोलीत येतो यावर सगळं आहे.

आता उपवास आणि ती खुर्ची यांत फरक काय, ते बघू. उपवासाचं प्रत्याख्यान मी स्वतः घेते. कधी सुरू होणार, कधी संपणार, मला माहीत असतं. जमेनासं झालं तर माघार घेण्याची वाट असते, कुणी तोंडात हात घालून ती बंद केलेली नसते. खुर्चीवर मात्र मी उताणी पडलेली, डोळ्यांवर दिवा, तोंड उघडं, बोलता येत नाही, परक्या माणसाचे हात जिभेपाशी, आणि किती वेळ लागणार ते त्याला माहीत, मला नाही. माझ्या मते आपण दुखण्याला जितक्या भितो त्यापेक्षा या परवशतेला जास्त भितो. बाळंतपणं झालेल्या, हात मोडलेल्या, भाजलेल्या बायका दाढेला भितात, त्यांना दुखणं नवं थोडंच असतं? जे आपण होऊन पत्करलं ते तप. जे दुसऱ्याच्या हाती आहे ते सोसायला मनाची वेगळीच ताकद लागते, आणि पहिल्याचा सराव दुसऱ्यात फारसा कामाला येत नाही. म्हणून ते वाक्य न्यायाचं नाही.

राहिला श्रद्धेचा प्रश्न. इथं मला आपल्या कर्मशास्त्राचा फार आधार वाटतो. पाठशाळेत आठ कर्मं पाठ केलेली असतात, पण त्यांचा असा उपयोग होईल असं तेव्हा कुणी सांगत नाही. दाढ दुखते तो असाता वेदनीयाचा उदय. दाढ दुखेल म्हणून मी थरथरते तो मोहनीयाचा उदय, त्यातल्या नऊ नोकषायांपैकी भय नावाच्या नोकषायाचा. म्हणजे दुखणं आणि भिणं ही शास्त्रानं दोन वेगळ्या कर्मांच्या खात्यांत मांडली आहेत. दवाखान्यात नेमकं हेच अनुभवाला येतं. दाढ शांत असतानाही भीती येते, आणि कधीकधी दाढ ठणकत असताना आपण भीत नसतो, नुसत्या वैतागलेल्या असतो.

भयाचा हा उदय कुठपर्यंत राहतो? आठव्या गुणस्थानापर्यंत. मुनी सहाव्या-सातव्यात असतात. म्हणजे घर सोडलेल्या, वस्त्र सोडलेल्या, केशलोच करणाऱ्या मुनींनाही भयकर्माचा उदय शास्त्रानं नाकारलेला नाही. आणि आपण चहाच्या कपाशेजारी बसून सुनेला म्हणतो, भितीस काय!

यावर स्वाध्यायात एकीनं बरोबर हरकत घेतली होती. ती म्हणाली, सम्यग्दृष्टी तर सप्तभयांपासून मुक्त असतो असं वाचतो ना आपण? इहलोक, परलोक, अत्राण, अगुप्ती, मरण, वेदना आणि आकस्मिक, ही ती सात भयं. यात वेदनाभय स्पष्ट नाव घेऊन सांगितलंय. मग चौथ्या गुणस्थानातच ते जायला नको का? हरकत चोख आहे. जाणकार याचा उलगडा असा करतात, की उदय आला तरी सम्यग्दृष्टीची मूळ समजूत हलत नाही. अंग कापतं, पण "मी म्हणजे हे अंगच, हे गेलं की मी संपलो" असं त्याला वाटत नाही. मला हा उलगडा पटतो. कापणं आणि समजूत हलणं या दोन गोष्टी आहेत. कापण्यावरून श्रद्धा मोजणं म्हणजे ताप बघायला वजनकाटा आणण्यासारखं आहे.

मग भीतीची काहीच जबाबदारी नाही का आपल्यावर? आहे, पण ती दुसरीकडे आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यात नकोसं काही वाट्याला आलं की ते कसं टळेल याचाच सारखा विचार करणं हा एक, आणि वेदनेचंच चिंतन करत बसणं हा आणखी एक. गुरुवारची तारीख मिळाल्यापासून सोमवार, मंगळवार, बुधवार आपण काय करतो? हेच दोन. कढी ढवळताना मनातल्या मनात सुई टोचून घेतो. रात्री दोन वाजता दाढ उपटून घेतो. प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचं, तालीम साठ तासांची. भयाचा उदय माझ्या हातात नाही, तालीम थोडीफार आहे.

पण तालीम थांबव म्हटलं की थांबत नाही. मनाला रिकामं ठेवता येत नाही, त्यात दुसरं काहीतरी घालावं लागतं. आणि माझा अनुभव असा की तिथं खरी माहिती घातलेली सगळ्यात चांगली टिकते. उदाहरणार्थ, तो किंचाळणारा आवाज. ते यंत्र हवेच्या दाबावर मिनिटाला तीन लाखांच्या वर फेरे घेतं, म्हणून आवाज तसा येतो. आवाज मोठा म्हणजे दुखणं मोठं असं नाही. दुसरं, बधिर झाल्यावर दुखणं कळत नाही, पण दाब आणि हिसका कळतो. हे आधी कुणी सांगितलं नाही तर दाब जाणवल्याबरोबर आपल्याला वाटतं, झालं, इंजेक्शन लागलंच नाही! तिसरं, या इंजेक्शनमध्ये लिग्नोकेन असतं. 1943 साली स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी ते तयार केलं. त्यात बऱ्याचदा थोडं अॅड्रेनलिन मिसळतात, म्हणजे औषध तिथल्या तिथं जास्त वेळ टिकतं. त्यानं काही वेळा दोन-चार मिनिटं छाती धडधडते. ही धडधड औषधाची असते आणि ओसरते, पण भित्र्या माणसाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. मला हे कळल्यापासून ती धडधड आली की मी तिला ओळख देते, हं, आलीस काय. (रक्तदाब, हृदयाचा त्रास, चालू असलेल्या गोळ्या, हे मात्र डॉक्टरला आधीच सांगायचं. लाजायचं नाही.)

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दाढेच्या मुळाशी पू झाला, सूज खूप वाढली, की तिथं आम्लता वाढते आणि बधिर करायचं औषध नीट लागत नाही. म्हणजे भीतीनं आपण जितकं लांबवू तितकी आपली भीती खरी होत जाते. पहिल्या आठवड्यात जी दाढ न दुखता भरून झाली असती ती आठव्या महिन्यात खरोखरच दुखते. मग आपण सगळ्यांना सांगतो, बघा, मी म्हटलं नव्हतं?

आमच्या नात्यातल्या एका काकींचं असंच झालं. खालच्या जबड्यातली शेवटची दाढ किडलेली. आठ महिने लवंग धरली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, एकाच बाजूनं जेवल्या. घरात सगळे म्हणायचे, काकी किती सोशिक, दाढ धरून चाळीस माणसांचा स्वयंपाक करतात. मग एका सकाळी जबड्याखाली सूज आली, संध्याकाळपर्यंत गळ्याकडे उतरली. तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना, थुंकी गिळवेना, अंगात ताप. रात्री दवाखान्यात नेलं, हनुवटीखाली बाहेरून चिरून पू काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, खालच्या दाढेची सूज अशी गळ्यात उतरली की श्वासाची वाट बंद होते, माणूस दगावतो. काकी वाचल्या. तो व्रण अजून आहे, पदरानं झाकतात.

पुढं कधीतरी दोघीच बसलो असताना त्या म्हणाल्या, "सोशिक कसली गं, भीत होते मी. तुम्ही सगळी सोशिक म्हणालात, मला बरंच झालं."

हे वाक्य मी कितीदा आठवलंय. भित्री म्हटलं तर लाज वाटते, सोशिक म्हटलं तर मान मिळतो. मग बाई भीती कुठं ठेवणार? सोसण्याच्या पदराखाली. आणि आपणच कौतुक करकरून तो पदर घट्ट करतो. त्या आठ महिन्यांत घरातल्या एकानं जरी विचारलं असतं, काकी, भिता काय, आम्ही येतो बरोबर, तर ती चिर पडली नसती. धीराची शिकवण देणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर लक्षात घ्यावं असं मला वाटतं. बायकांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण आमच्याकडे बाईचं दुखणं सगळ्यांची जेवणं उरकल्यावर ऐकायची पद्धत आहे.

आणखी एक प्रश्न ऐकू येतो, आणि तो विचारणारी बाई भाबडी असते, भोंदू नसते. इंजेक्शन न घेता दाढ काढून घेतली तर निर्जरा जास्त होईल का? परीषह सोसायचे ते मार्गावरून न ढळण्यासाठी आणि निर्जरेसाठी, हे खरं. पण त्यातला जीव आहे समतेत. खुर्चीचा हात आवळून, डोळे मिटून, आतल्या आत डॉक्टरला शिव्या घालत जे सोसलं जातं ते आर्तध्यानच, त्यानं निर्जरा सोडा, नवा बंध होतो. ज्या उपायानं मन ठिकाणावर राहतं तो उपाय तपाच्या विरुद्ध कसा? एकीनं मला अदंतधावनाचा दाखला दिला होता. मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत दात न घासणं हा एक मूलगुण आहेच. पण मुनी दिवसातून एकदा, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. आपण चार वेळा चहा पितो, वर बिस्किट. त्यांच्या नियमांतला आपल्याला सोयीचा तेवढाच उचलायचा?

दुखणं घालवण्याच्या शोधात दाताच्या डॉक्टरांचाही मोठा वाटा आहे, हे मला फार आवडतं. अमेरिकेत हॉरेस वेल्स नावाच्या दंतवैद्यानं डिसेंबर 1844 मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. आधी स्वतःची, मग दुसऱ्यांची. पुढच्याच महिन्यात बोस्टनमध्ये विद्यार्थ्यांसमोर प्रयोग केला तेव्हा रोगी मध्येच ओरडला आणि वेल्सची टर उडवली गेली. त्यानंतर 16 ऑक्टोबर 1846 रोजी मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानं त्याच शहरात ईथर देऊन दाखवलं आणि मोठमोठे शल्यविशारद गप्प झाले. माणसाचं दुखणं सगळ्यात जवळून, रोज, तोंडात डोकावून बघणाऱ्यांनाच त्याचा कंटाळा आला असावा.

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. अभयदान म्हटलं की आपल्याला पिंजऱ्यातून सोडलेले पक्षी आठवतात, कत्तलखान्यातून सोडवलेली जनावरं आठवतात. माझ्या आताच्या डॉक्टरीणबाई मला अभयदान देतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, मी फार भिते आणि याचं कारण असं असं आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, डावा हात वर केलात की मी थांबणार, कारण विचारणार नाही. पहिल्या वेळी मी उगीचच हात वर केला, खरंच थांबतात का ते बघायला. त्या थांबल्या. यंत्र बंद, हात बाहेर. त्यानंतर तासाभरात मला एकदाही हात वर करावासा वाटला नाही. लगाम माझ्या हातात आला होता, तेवढंच हवं होतं. हे औषधाबरोबरचं अभयदान आहे, आणि ते द्यायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही. बरोबर आलेल्या नवऱ्यालाही देता येतं, घड्याळाकडे न बघता.

खुर्चीवर मी काय करते ते कुणी विचारलं म्हणून सांगते. कायोत्सर्गात आपण नऊ वेळा णमोकार म्हणतो, एका मंत्राला तीन श्वास, असे सत्तावीस श्वासोच्छ्वास. घाबरलं की माणूस भराभर वरवरचे श्वास घेतो, त्यानं बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि मग त्या मुंग्यांनाच माणूस आणखी घाबरतो. सोडायचा श्वास लांबवला की हे चक्र मोडतं. सत्तावीस श्वास सावकाश मोजेपर्यंत चार-पाच मिनिटं सहज जातात, आणि घबराटीची लाट सहसा दहा मिनिटांत माथ्यावर पोचून उतरायला लागते. मंत्र असा दाढेसाठी वापरावा का, ही शंका मला स्वतःला आली होती. पण कायोत्सर्ग म्हणजे शरीराची ममता सोडणं. ती सोडायची गरज त्या खुर्चीइतकी दुसरीकडे कुठं आहे? बस्तीत गार फरशीवर उभं राहून ममता सोडणं मला तरी बरंच सोपं जातं.

आपल्या बायकांची एक भीती डॉक्टरांच्या लक्षात येत नाही, म्हणून त्या नुसत्या गप्प बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. तोंडात काय घालतील? हे विचारावं, सरळ विचारावं. कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासूनचं असतं, गोळी किंवा पातळ औषध मिळेल का विचारावं. झीज झालेल्या जबड्यात हाड भरायचं असेल तर ती भुकटी आणि वरचा पडदा कधीकधी गाई-डुकरांपासून केलेला असतो, दुसरा पर्यायही असतो. रूट कॅनॉलमध्ये भरतात ते गटापर्चा मात्र झाडाचा चीक आहे, त्याची काळजी नको. रात्री काही घेत नसाल तर औषधाच्या वेळा सूर्यास्ताच्या आत बसवून मागाव्यात. आणि उपवासाच्या दिवशी तारीख घेऊ नये, रिकाम्या पोटी चक्कर येते. बधिरपणा दोन-तीन तास राहतो, तोवर गरम चहा नको, गाल चावला तरी कळत नाही.

माझी पुढची सिटिंग गुरुवारी साडेअकराला आहे. काकी म्हणाल्या आहेत, मी येते बरोबर, बाहेर बाकावर बसते, पण आत मात्र बोलवू नको गं मला.